'द विचेस' आणि तिचे वाचक : मतभेद कसे वाचावेत

१. प्रस्तावना

या टिपणात आपण एका बालकादंबरीविषयी वाचकांची मते इतकी वेगवेगळी का पडतात, हे पाहणार आहोत. कादंबरी आहे रोआल्ड डाल या ब्रिटिश लेखकाची 'द विचेस'. ती १९८३ साली प्रसिद्ध झाली. चित्रे क्वेंटिन ब्लेक यांची आहेत. त्याच वर्षी तिला बालसाहित्याचा व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. पुढे अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९९० च्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तिच्यातही हे पुस्तक आहे. एकाच पुस्तकाला पुरस्कारही मिळतो आणि त्याला शाळेच्या कपाटातून काढा अशी मागणीही होते, तेव्हा अभ्यासकाने कोणाचे ऐकायचे?

आमच्या रायपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षासाठी एक ऐच्छिक वाचनवर्ग असतो. तिथे मी हे पुस्तक लावले होते. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे आणि कारण लिहायचे, एवढेच काम होते. सरासरी सहाच्या आसपास आली. पण सहा गुण देणारे जवळजवळ कोणीच नव्हते. काहींनी नऊ-दहा दिले होते, काहींनी दोन-तीन. तुम्ही मापनशास्त्र शिकला असाल तर हे चित्र ओळखाल. ज्या वितरणाला दोन शिखरे असतात, त्याची सरासरी मधल्या रिकाम्या दरीत पडते. 'पुस्तक बरे आहे' हे त्या वर्गातल्या कोणाचेच मत नव्हते. म्हणून पहिली सूचना ही, की मतभेद असतील तेव्हा सरासरी काढू नका, कारणे वाचा.

२. कथानक थोडक्यात

शेवट सांगितल्याशिवाय पुढची चर्चा करता येणार नाही. ज्यांना पुस्तक आधी वाचायचे आहे त्यांनी इथे थांबावे.

गोष्ट सांगणारा सात वर्षांचा मुलगा आहे. त्याचे नाव शेवटपर्यंत कळत नाही. त्याचे आईवडील नॉर्वेत मोटार-अपघातात जातात आणि तो नॉर्वेजियन आजीकडे राहतो. आजी काळे सिगार ओढते, तिच्या एका हाताला अंगठा नाही. तो कसा गेला हे ती सांगत नाही. ती नातवाला चेटकिणींची माहिती देते. डालच्या चेटकिणी झाडूवर बसून उडत नाहीत, साध्या बायकांसारख्या दिसतात. फक्त त्यांच्या बोटांना नखांऐवजी मांजरीसारखे नख्यांचे आकडे असतात म्हणून त्या भर उन्हाळ्यातही हातमोजे घालतात. डोक्याला टक्कल असते म्हणून टोप वापरतात. नाकपुड्या मोठ्या, पायांना बोटे नाहीत, थुंकी निळी. त्यांना मुलांचा वास कुत्र्याच्या ताज्या विष्ठेसारखा येतो, आणि मूल जितके स्वच्छ तितका वास अधिक.

पुढे आजी आणि नातू इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या बोर्नमथच्या हॉटेलात उतरतात. तिथे मुलांचा छळ थांबवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेची सभा भरलेली असते. त्या सभेतल्या सगळ्या बायका प्रत्यक्षात चेटकिणी असतात. त्यांची प्रमुख मुलांचे उंदीर करणारे एक औषध दाखवते. लपून बसलेला मुलगा सापडतो आणि त्याचाही उंदीर होतो. मग उंदीर झालेला तो मुलगा तेच औषध चोरून त्यांच्या रात्रीच्या सूपमध्ये टाकतो.

शेवट नेहमीसारखा नाही. मुलगा पुन्हा माणूस होत नाही. साधा उंदीर तीनएक वर्षे जगतो, हा 'उंदीर-माणूस' नऊएक वर्षे जगेल असे आजी सांगते. आजी ८६ वर्षांची आहे. आपण दोघे साधारण बरोबरच जाऊ, म्हणून मुलगा समाधानी आहे. नंतर दोघे जगातल्या उरलेल्या चेटकिणींचा नायनाट करायच्या बेतात असताना पुस्तक संपते.

३. मतभेदाचे चार मुद्दे

३.१ भीती. पहिला आक्षेप पालकांचा आणि शिक्षकांचा असतो, तो म्हणजे हे मुलांसाठी फार भीतिदायक आहे. विशेषतः सुरुवातीला आजी नॉर्वेतल्या नाहीशा झालेल्या मुलांच्या हकिगती सांगते, तिथे. त्यातली एक मुलगी घरातल्या तैलचित्रात अडकते, वर्षानुवर्षे चित्रातच मोठी होते, म्हातारी होते आणि एक दिवस चित्रातून दिसेनाशी होते. आमच्या वर्गात ज्यांनी जास्त गुण दिले त्यांनी आवडता भाग म्हणून हाच लिहिला होता, आणि ज्यांनी कमी दिले त्यांच्यापैकीही काहींनी 'त्रास झाला' म्हणून हाच. म्हणजे परिणामाबद्दल एकमत आहे, मूल्याबद्दल नाही. हा फरक परीक्षणात नेहमी वेगळा दाखवा. 'भीती वाटली' हे निरीक्षण आहे. 'म्हणून पुस्तक वाईट' हा निष्कर्ष आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक पायरी लिहावी लागते.

अमेरिकन लेखिका एरिका जाँग यांनी १९८३ मध्येच 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना ती मधली पायरी दाखवली होती. त्यांच्या मते वरवर चेटकिणींची गोष्ट असली तरी आत मृत्यूची, म्हणजे ताटातुटीची भीती आणि आईवडील गमावलेल्या मुलाचा शोक आहे. हे वाचन संहितेला धरून आहे. अपघाताचा उल्लेख लेखक मोजक्या शब्दांत उरकतो, मुलगा पुढे फारसा रडताना दिसत नाही. पण शेवटी त्याला सर्वांत मोठा दिलासा कशाचा वाटतो? आजीच्या मागे आपण उरणार नाही, याचा.

३.२ शेवट. १९९० साली निकोलस रोग यांनी यावर चित्रपट केला, त्यात मुलगा शेवटी पुन्हा माणूस होतो. डालला हा बदल मुळीच आवडला नव्हता. चित्रपटाच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे. थिएटरात बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला नायक उंदीरच राहिला हे पचणे कठीण. पण वर पाहिलेला शोकाचा धागा ध्यानात घेतला, तर मूळ शेवट बदलल्यावर कादंबरीची बांधणीच सुटते. मुलाने जे गमावले ते परत मिळत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासोबत उरलेली वर्षे मिळतात, एवढेच. २०२० च्या रॉबर्ट झेमेकिस यांच्या चित्रपटात मूळ शेवट ठेवला आहे.

३.३ स्त्रिया. सर्वांत तीव्र मतभेद इथे आहे. कादंबरी सुरुवातीलाच सांगते की चेटकीण नेहमी स्त्रीच असते. लेखक लगेच सारवासारवही करतो. बहुतेक स्त्रिया चांगल्याच असतात आणि भुतांचे काही प्रकार नेहमी पुरुषच असतात, असे तो म्हणतो. पण वाचक म्हणून आपल्या मनात राहते ते चित्र असे, की कोणतीही नीटनेटकी, गोड बोलणारी बाई चेटकीण असू शकते. ती तुम्हांला हेच पुस्तक वाचून दाखवणारी शिक्षिकाही असू शकते, असा विनोद लेखक करतो. अनेक स्त्रीवादी वाचकांनी याला स्त्रीद्वेष म्हटले. बचाव करणारे आजीकडे बोट दाखवतात. पुस्तकातली सर्वांत शहाणी, धीट आणि प्रेमळ व्यक्तीही स्त्रीच आहे.

३.४ शरीर आणि शब्द. २०२० च्या चित्रपटात चेटकिणींचे हात कमी बोटांचे दाखवले होते. जन्मतः तसे हात असलेल्या लोकांनी आक्षेप घेतला, आणि चित्रपट कंपनीने व अभिनेत्री ॲन हॅथवेने माफी मागितली. पुस्तकात बोटे कमी नाहीत, नख्या आहेत. ही भर चित्रपटाची. मुख्य चेटकिणीच्या वर्णनात, विशेषतः तिच्या नोटा छापण्याच्या यंत्रात, काही वाचकांना ज्यूंविषयीच्या जुन्या विषारी प्रतिमा दिसतात. डालने ज्यूंविरुद्ध जाहीर वक्तव्ये केली होती आणि त्याच्या कुटुंबाने २०२० मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली, त्यामुळे ही शंका निराधार म्हणून झटकता येत नाही. २०२३ मध्ये पफिन प्रकाशनाच्या नव्या आवृत्तीत अनेक शब्द बदलल्याचे उघड झाले. चेटकीण दुकानात कॅशियर असू शकते असे जिथे होते, तिथे ती मोठी शास्त्रज्ञ असू शकते असे झाले. टोप घालण्याची इतरही कारणे असतात आणि त्यात गैर काही नाही, असे एक वाक्य वाढवले गेले. सलमान रश्दींसह अनेकांनी टीका केल्यावर प्रकाशकाने मूळ संहिताही छापत राहू असे जाहीर केले.

त्या वाढवलेल्या वाक्याकडे जरा थांबून पाहा. ते सभ्य आहे, पण कथेच्या आत कोण बोलते आहे? आजी नातवाला जिवावरच्या संकटाची माहिती देत असताना मध्येच सूचनाफलक लावल्यासारखे ते वाटते. आक्षेप खरा असला तरी उपाय खरा असेलच असे नाही. शब्द बदलून चेटकिणीचा हुद्दा वाढला, पण 'काही खुणांवरून बाई ओळखता येते' ही मूळ कल्पना तशीच राहिली.

४. हातमोजे आणि गणित

या मूळ कल्पनेकडे अभियंत्याच्या नजरेने पाहू. साहित्य माझा मूळ विषय नाही, त्यामुळे मला हाताशी असलेले हत्यार वापरतो.

समजा, एका शहरात १,००,००० स्त्रिया आहेत आणि त्यांत १० चेटकिणी आहेत. दहाही जणी हातमोजे घालतात. उरलेल्या ९९,९९० स्त्रियांपैकी २ टक्के काही ना काही कारणाने हातमोजे घालतात, म्हणजे सुमारे २,०००. आता रस्त्यात हातमोजे घातलेली बाई दिसली, तर ती चेटकीण असण्याची शक्यता किती? २,०१० मध्ये १०, म्हणजे अर्धा टक्का. प्रत्येक २०० संशयितांमागे सुमारे १९९ निर्दोष. खूण शंभर टक्के चेटकिणींना लागू पडते, तरीही ती जवळजवळ निरुपयोगी आहे.

रायपूरमध्ये तर हा हिशेब आणखी बिघडतो. डालच्या मते हिवाळ्यात हातमोजे साहजिक, उन्हाळ्यात संशयास्पद. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटीवरून जाणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी कोपरापर्यंत हातमोजे घालते आणि तोंडाला ओढणी गुंडाळते. वर्गात हे निघाले तेव्हा सगळे हसले. 'सर, मग पार्किंगमध्ये दुपारी सभाच भरते,' असे एक मुलगा म्हणाला.

एक मुलगी हसली नाही. तिच्याविषयी पुढे.

कोणी म्हणेल, आजी एकच खूण सांगत नाही, पाच-सहा सांगते. खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर त्या एकत्र आल्यावर चाचणी पुष्कळ सुधारते. बरोबर. पण या सगळ्या गणिताला एक अट आहे. मुळात चेटकिणींची संख्या शून्याहून जास्त असली पाहिजे. कादंबरीत ती अट लेखक स्वतः पुरी करतो, कारण त्याच्या जगात चेटकिणी आहेत. जिथे ही संख्या शून्य आहे, तिथे तुम्ही पाच खुणा लावा की पन्नास, सापडणारी प्रत्येक बाई निर्दोषच असणार.

५. चेटकीण आणि टोनही

मराठी घरांत 'चेटकीण' हा शब्द बहुधा रंगभूमीच्या वाटेने येतो. रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' हे नाटक सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये रंगमंचावर आणले आणि मराठी बालरंगभूमीवर चेटकीण उभी राहिली. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी रंगवली आणि नव्या पिढीची मुले तिला पाहायला आईबापांना ओढून घेऊन गेली. लुगडे नेसलेला पुरुष नट, वाकडे नाक, चढा आवाज पाहून मुले घाबरतात आणि त्याच क्षणी त्यांना ठाऊक असते की हा खेळ आहे. आपल्या आळीतल्या कोणाही बाईशी तिचे साम्य नसते.

मात्र छत्तीसगढमध्ये वाढलेल्या मुलाच्या कानांवर आणखी एक शब्द असतो, तो म्हणजे 'टोनही'. श्रावण अमावास्येला हरेली सण येतो. शेतीची अवजारे पुजतात, दारावर कडुलिंबाची डहाळी खोचतात, लोहार चौकटीला खिळा ठोकून जातो. सण शेतीचा आणि आनंदाचा आहे, पण त्या रात्री टोनही बाहेर पडते ही समजूतही त्याला चिकटलेली आहे. समजूत दारापुरती राहिली तर तिला लोकपरंपरा म्हणता येईल. ती एखाद्या बाईच्या नावाला जोडली गेली की मारहाण, बहिष्कार, कधी खूनही होतो. म्हणून या राज्याला २००५ मध्ये टोनही प्रताड़ना निवारण अधिनियम करावा लागला. एखाद्या व्यक्तीला टोनही ठरवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि तशा व्यक्तीचा छळ करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा त्यात आहे. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र अनेक वर्षे 'कोई नारी टोनही नहीं' ही मोहीम चालवत आले आहेत. महाराष्ट्राने स्वतःला वेगळे समजण्याचे कारण नाही. सातपुड्यात 'डाकीण' आहे, डहाणूच्या पट्ट्यात 'भुताळी' आहे, आणि तिथला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर झाला.

छत्तीसगढच्या कायद्यातली व्याख्या साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावी. तिचा आशय असा, की जादूने, नजरेने किंवा अन्य मार्गाने इजा करील किंवा करू शकते असे दुसऱ्या कोणी जिच्याविषयी दर्शवले, ती व्यक्ती म्हणजे टोनही. यात त्या व्यक्तीच्या अंगावरची एकही खूण नाही. कायदा मान्य करतो की टोनही बोट दाखवण्याने तयार होते. डालची आजी खुणांवरून चेटकीण ओळखायला शिकवते. कायदा म्हणतो, ओळखणे हाच गुन्हा.

६. एका मताचे गुण

आता त्या मुलीकडे येऊ. तिने दहापैकी दोन गुण दिले होते आणि चारच ओळी लिहिल्या होत्या. आजी खुणा सांगते त्या प्रकरणाशी ती थांबली होती. तिने लिहिले होते की आमच्या गावात अशी 'ओळखलेली' एक बाई आहे, तिच्या घरचे पाणी कोणी पीत नाही, आणि मला हे प्रकरण वाचताना हसू आले नाही.

मी तिच्या उत्तराला दहापैकी चार गुण दिले आणि समासात लिहिले की कल्पित आणि वास्तव यांत गल्लत झाली आहे, शिवाय पुस्तक पूर्ण वाचलेले नाही. दुसरा शेरा बरोबर होता. पहिल्याबद्दल एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, 'सर, तिने पुस्तकातली गोष्ट खरी आहे असे कुठे म्हटले आहे?' मी पेपर पुन्हा पाहिला. तसे तिने कुठेच म्हटले नव्हते. चेटकिणी असतात असे तिला मुळीच वाटत नव्हते. उलट, त्या नसतात हे तिला वर्गातल्या कोणाहीपेक्षा नीट माहीत होते, आणि म्हणूनच तिला खुणांची यादी ऐकून धस्स झाले होते. गल्लत माझी होती. माझ्या अंगवळणी 'चेटकीण म्हणजे नाटकातली' हे वाचन पडले होते आणि मी त्यालाच योग्य वाचन समजत होतो. मी शेरा खोडला, गुण सुधारले आणि वर्गात तसे सांगितले.

ती एवढेच म्हणाली, 'मग आता पुरे वाचते.' आठवड्याने ती पुस्तक परत करायला आली तेव्हा उभ्याउभ्याच म्हणाली, 'सर, आमच्या गावात ही आजीच टोनही ठरली असती.'

या वाक्याने माझे वाचन बदलले. पाहा ना, वय ८६, एकटी राहते, सिगार ओढते, एक अंगठा नाही आणि तो कसा गेला ते सांगत नाही, चेटकिणींविषयी नको इतके जाणते, मुलाला रात्री भयंकर गोष्टी सांगते. जगात जिथे जिथे बायकांवर हा आळ आला, तिथे तो बहुतेकदा अशाच बायकांवर आला. डालने तिला नायिका केले आहे. आणि ज्यांच्यावर आळ कधीच येत नाही अशा, म्हणजे उत्तम कपडे घातलेल्या, महागड्या हॉटेलात उतरणाऱ्या, बालकल्याणाच्या नावाने सभा भरवणाऱ्या प्रतिष्ठित बायका त्याने चेटकिणी केल्या आहेत. लोकसमजुतीतली बाहुली त्याने आतून बाहेर उलटली आहे. त्याला हे कितपत अभिप्रेत होते ते बाजूला ठेवू. संहितेत ते आहे, आणि ३.३ मध्ये पाहिलेल्या बचावापेक्षा हा बचाव पुष्कळ भक्कम आहे. 'आजीही स्त्रीच आहे' एवढे म्हणणे पुरेसे नव्हते. ती कोणत्या प्रकारची स्त्री आहे, हे महत्त्वाचे.

७. मग पुस्तक कसे आहे?

माझे मत सांगतो. तुम्ही ते मानलेच पाहिजे असे नाही.

आजी आणि नातू यांच्या नात्याची गोष्ट म्हणून ही कादंबरी उत्तम आहे. मृत्यूविषयी मुलांशी इतक्या सरळपणे बोलणारी पुस्तके थोडी. भीतीचा वापरही प्रामाणिक आहे, भीती दाखवून शेवटी 'सगळे स्वप्न होते' असा पळ लेखक काढत नाही. आजी आणि चेटकिणी यांची अदलाबदल हा तिचा सर्वांत मोलाचा भाग, आणि तो बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटतो, कारण तो शोधायला जी पार्श्वभूमी लागते ती इंग्रज वाचकाकडे आज उरलेली नाही. आपल्याकडे आहे.

तरीही माझा एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो शेवटच्या पानांवर आहे. आजी आणि नातू नॉर्वेतल्या किल्ल्यात शिरायचे, तिथल्या चेटकिणींचे उंदीर करायचे, त्यांच्यावर मांजरी सोडायच्या आणि जगभरच्या चेटकिणींची नावे-पत्ते मिळवून एकेकीला संपवायचे ठरवतात. प्रसंग उत्साहाने रंगवला आहे. नावांच्या यादीत चूक असेल का, असा प्रश्न कोणालाच पडत नाही. कादंबरीच्या जगात यादी बिनचूक आहे, हे खरे. पण जी आजी स्वतः संशयाला सर्वांत सोपे लक्ष्य आहे, तिने एकदा तरी थबकावे अशी अपेक्षा वाटते. ती थबकत नाही. इथे डालला पाठलागाची गंमत विचारापेक्षा प्रिय वाटली आहे. दहापैकी गुण द्यायचे तर मी आठ देईन, आणि दोन कशासाठी कापले ते वरच्या सहा-सात वाक्यांत लिहिले आहे. कारण लिहिले नसते तर त्या आठाला काही किंमत नव्हती.

दहा वर्षांच्या मुलाला हे पुस्तक द्यावे का? द्यावे, पण शक्यतो सोबत बसून वाचावे. खुणांच्या प्रकरणाशी थांबून एकच विचारावे, 'आणि खूण चुकली तर?' मुले यावर मोठ्यांपेक्षा बरे बोलतात, असा माझा अनुभव आहे.

८. परीक्षण लिहिताना

(अ) परिणाम आणि मूल्य वेगळे लिहा. काय वाटले ते आधी, त्यावरून काय ठरवले ते नंतर.

(आ) प्रत्येक मताला पुस्तकातली जागा दाखवा. प्रसंग सांगता येत नसेल तर ते मत अजून तयार झालेले नाही.

(इ) विरुद्ध मत वाचताना 'याला कळले नाही' असे म्हणण्याआधी, त्याने नेमके काय लिहिले आहे ते पुन्हा वाचा. मी ते केले नव्हते.

(ई) तुमचे गाव, भाषा, घर यांतून आलेली प्रतिक्रिया 'विषयबाह्य' म्हणून खोडू नका. मात्र तेवढ्यावर थांबूही नका. तिला घेऊन पुस्तक शेवटपर्यंत वाचा.

(उ) पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट यांवरचे आक्षेप एकत्र करू नका.

स्वाध्याय

१. तुमच्या भागात चेटकिणीसाठी कोणता शब्द आहे? तो गोष्टीतला आहे की आळ घेण्याचा, हे दोन उदाहरणांनी लिहा.

२. कलम ४ मधील उदाहरणात हातमोजे घालणाऱ्या इतर स्त्रियांचे प्रमाण २ टक्क्यांऐवजी ५० टक्के धरा आणि उत्तर पुन्हा काढा. नंतर चेटकिणींची संख्या शून्य धरा.

३. १९९० च्या चित्रपटातला शेवट आणि कादंबरीचा शेवट यांपैकी तुम्हांला कोणता पटतो? कारण देताना आजीच्या वयाचा विचार करा.

४. तुम्ही नापसंत केलेले एखादे पुस्तक घ्या. ते आवडलेल्या मित्राला विचारून त्याची बाजू १५० शब्दांत लिहा, आणि बरोबर लिहिली आहे का हे त्यालाच तपासू द्या.